मैदानाचे कुलूप पहाटे पाचला उघडा : नगरपरिषदेला खुले पत्र

प्रति,
माननीय नगराध्यक्ष, सर्व सन्माननीय नगरसेवक आणि मुख्याधिकारी यांस

विषय : मैदानाची बदललेली वेळ, मासिक पासाचे शुल्क आणि मंडपांसाठी मैदान भाड्याने देणे याबाबत.

सविनय नमस्कार.

मी आपल्याच हद्दीत गेली 34 वर्षे राहणारी एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. गेल्या पाच महिन्यांत मी आपल्या कार्यालयात तीन अर्ज दिले, तिन्हींवर आवक शिक्का मारून घेतला आणि एकाचेही उत्तर आले नाही. म्हणून चौथा अर्ज न देता हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. मराठवाड्यातल्या आमच्या या तालुक्याच्या गावाचे नाव मी मुद्दाम घातलेले नाही, कारण मला कोणाची नालस्ती करायची नाही आणि ज्यांना उद्देशून हे लिहिले आहे त्यांना मैदान कोणते हे सांगावे लागणार नाही.

मार्चच्या पहिल्या सोमवारी पहाटे साडेपाचला आम्ही नऊ जणी नेहमीप्रमाणे मैदानाच्या फाटकाशी आलो, तेव्हा फाटकाला नवी साखळी आणि मोठे कुलूप होते. शेजारी फलक लावलेला होता. उजाडले नव्हते म्हणून एकीने मोबाइलचा उजेड धरला आणि मी मजकूर मोठ्याने वाचला : मैदान सकाळी 8 ते 11 आणि सायंकाळी 5 ते 7 या वेळेतच खुले राहील, प्रवेशासाठी मासिक पास 300 रुपये, समारंभाच्या दिवशी मैदान बंद. आमच्यातली एक जण चार घरची धुणीभांडी करते. ती म्हणाली, "बाई, आठला तर मी दुसऱ्या घरी असते की." तिच्या या वाक्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते आपल्याकडे मागावे म्हणून हा सगळा खटाटोप आहे.

या मैदानाशी माझा संबंध माझ्या यजमानांच्या मृत्यूपासून सुरू होतो. ते एसटीत चालक होते. 26 वर्षे त्यांनी गाडी चालवली. रोज आठ-नऊ तास एका जागी बसणे, बाहेरगावचे मुक्काम, मिळेल तेव्हा जेवण आणि घरी आल्यावर दारातून थेट पलंगाकडे, असे त्यांचे दिवस जात. सीटवर टाकायला त्यांनी माझ्याकडून जुन्या लुगड्याची छोटी चौकोनी गोधडी शिवून घेतली होती. बसून बसून ती मधोमध विरायची, आणि मी त्यावर ठिगळ लावून द्यायची. अशी चार ठिगळे मी लावली. त्यांचा रक्तदाब वाढलेला आहे हे आम्हाला ठाऊक होते, गोळीही लिहून दिलेली होती. पण डोके दुखले की घ्यायची आणि बरे वाटले की सोडायची, असाच त्यांचा क्रम राहिला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले, तेव्हा ते म्हणाले होते की दिवसभर रस्त्यावरच असतो, आता आणखी कुठे चालू. वयाच्या 53 व्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका रात्री, त्यांच्या छातीत जळजळ सुरू झाली. पित्त झाले असेल असे समजून त्यांना सोडा दिला आणि आम्ही सकाळ होण्याची वाट पाहत बसलो. पहाटे डावा हात जड पडला, अंगाला दरदरून घाम फुटला, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचण्याआधीच वाटेत ते गेले. मी आयुष्यभर मुलांना शरीरशास्त्राचा धडा शिकवला होता. छातीतली कळ, जड होणारा हात आणि घाम यांचा अर्थ मात्र मला त्या रात्री लागला नाही.

पुढे मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागले. त्यात एक अभ्यास असा सापडला की तो वाचून मी बराच वेळ ती गोधडी घेऊन बसले. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी 1953 साली लंडनच्या दुमजली बसवरील चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघे एकाच गाडीत, एकाच रस्त्यावर काम करणारे. पण चालक पूर्ण पाळी बसून असे, आणि वाहक तिकिटे देत दिवसभर बसचा जिना चढत-उतरत असे. वाहकांना हृदयविकार कमी झाल्याचे आढळले, आणि ज्यांना झाला त्यांना तो उशिरा व कमी तीव्रतेने झाला. शरीराची हालचाल आणि हृदय यांचा संबंध मोजून दाखवणारा हा सुरुवातीचा मोठा अभ्यास मानला जातो. माझ्या यजमानांना कोणी हे आधी सांगितले असते तर ते चालले असते की नाही, हे मला माहीत नाही. पण त्यांना चालायला जवळ मैदान होते आणि ते उघडे होते. आज त्यांच्यासारख्या माणसाला तेवढेही उरलेले नाही.

त्यांच्यानंतर वर्षभरातच माझा स्वतःचा दाब 158/96 निघाला. वरचा अंक 140 किंवा खालचा 90 याच्या पुढे वारंवार गेला की त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. मला ना डोकेदुखी होती, ना चक्कर, ना धाप. हा आजार बहुतेकांना असाच गुपचूप असतो, आणि म्हणूनच तो हृदय, मेंदू, मूत्रपिंड आणि डोळे यांची हानी निवांतपणे करत राहतो. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, आपल्या देशात 15 वर्षांवरील शंभर पुरुषांपैकी सुमारे 24 आणि शंभर स्त्रियांपैकी सुमारे 21 जणींचा दाब वाढलेला आहे किंवा त्यांना त्याची औषधे चालू आहेत. आपल्या मतदार यादीवर बोट ठेवून चार-पाच नावे मोजली, तर त्यातले एक नाव बहुधा या आजाराचे निघेल. त्यात आपल्यापैकीही काही जण असतील.

डॉक्टरांनी मला एक गोळी सुरू केली, जेवणातले मीठ कमी करायला सांगितले (लोणचे, पापड आणि ठेच्यातले मीठही मोजायचे, हे त्यांनी दोनदा बजावले) आणि रोज अर्धा तास भरभर चालायला सांगितले. मी शंभर पानी वही केली. तारीख, वेळ, वरचा अंक, खालचा अंक, नाडी, किती फेऱ्या झाल्या. अकरा वर्षांत तिसरी वही चालू आहे. पहिल्या सहा महिन्यांत, त्याच गोळीवर, दाब 134/84 च्या आसपास येऊन स्थिरावला आणि पुढेही तसाच राहिला. मैदानाला कुलूप लागल्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यात तो पुन्हा 148/92 झाला. गोळी तीच, मीठ तेवढेच. एकटीच्या वहीवरून मी कोणताही सिद्धांत मांडत नाही. पण ज्या गोष्टी जगभरच्या अभ्यासांत दिसल्या त्याच माझ्या वहीत दिसतात, एवढे मला सांगता येते.

त्या गोष्टी काय आहेत हे थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या एका सन्माननीय सदस्यांनी "चार बाया फिरल्या नाहीत तर काय बिघडते" असे विचारल्याचे माझ्या कानावर आले आहे, आणि तो प्रश्न मी प्रामाणिक समजून त्याचे उत्तर देऊ इच्छिते.

आपण भरभर चालतो तेव्हा मांड्या-पोटऱ्यांच्या स्नायूंना जास्त रक्त लागते. रक्त वेगाने वाहू लागले की रक्तवाहिनीच्या आतल्या पातळ अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा पदार्थ सुटतो, त्यामुळे वाहिनीची भिंत सैल होते आणि ती रुंदावते. हे रोज घडत राहिले की वाहिन्यांची लवचिकता टिकते, शरीराला सतत ताणून धरणाऱ्या मज्जातंतूंचा जोर उतरतो, आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागल्याने स्वस्थ बसलेले असताना त्याला कमी ठोके द्यावे लागतात. वजन, साखर आणि रक्तातली चरबी यांवर होणारा परिणाम तो वेगळाच. उच्च रक्तदाब असलेल्या माणसाचा वरचा दाब नियमित चालण्याने सरासरी 5 ते 8 अंकांनी उतरतो असे धरले जाते. हा आकडा लहान वाटेल. परंतु औषधांवरच्या मोठ्या अभ्यासांतून असे दिसले आहे की वरचा दाब 5 अंकांनी जरी कमी झाला, तरी हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांसारख्या घटनांचा धोका साधारण दहा टक्क्यांनी घटतो.

यात आपल्या निर्णयाशी थेट जोडलेली बाब अशी की हा फायदा साठवून ठेवता येत नाही. एकदा चालल्यानंतर दाब काही तास उतरलेला राहतो आणि पुन्हा चढू लागतो. व्यायाम सुटला की काही आठवड्यांतच कमावलेले निघून जाते. गोळी जशी रोज घ्यावी लागते, तसेच चालणेही. म्हणून आठवड्यातून दोन दिवस मैदान मिळणे, लग्नसराईत महिनाभर न मिळणे, किंवा उन्हाळ्यात अजिबात न मिळणे ही केवळ गैरसोय राहत नाही. ते आमचे अर्धे औषध बंद करणे आहे. अर्धे म्हणते, कारण चालायला लागले म्हणून गोळी सोडायची नसते, हे मी माझ्यासोबतच्या प्रत्येकीला सांगत आले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला किमान 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग. आपल्या गावातल्या आशाताई तिशीपुढच्या प्रत्येक माणसाचा जो तपासणी अर्ज भरतात, त्यातही हाच प्रश्न आहे : आपण आठवड्यातून किमान 150 मिनिटे शारीरिक श्रम करता का? गेल्या महिन्यात माझ्या ओट्यावर बसून त्यांनी मला हे विचारले, तेव्हा अकरा वर्षांत प्रथमच मला "नाही" असे उत्तर द्यावे लागले. त्यांनी खाली मान घालून तसे लिहून घेतले. आशाताई स्वतःही आमच्यासोबत फिरायला येत होत्या.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार वेळेची आहे. ज्यांनी ही वेळ ठरवली त्यांनी मराठवाड्याचा उन्हाळा विचारात घेतला होता का, असे मला नम्रपणे विचारायचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 42 अंशांच्या पुढे जातो. सकाळी आठ वाजता ऊन चटका देऊ लागलेले असते आणि संध्याकाळी पाचला जमीन तापलेलीच असते. दाबाच्या रुग्णांपैकी अनेकांना लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर टाकणाऱ्या गोळ्या चालू असतात; अशा माणसाने उन्हात घाम गाळला तर शरीरातले पाणी कमी होऊन दाब एकदम खाली येऊ शकतो आणि तो चक्कर येऊन पडू शकतो. म्हणजे ज्या वेळेत मैदान उघडे आहे, त्या वेळेत आमच्या डॉक्टरांनी आम्हाला घराबाहेर पडू नका असे सांगितलेले आहे. हिवाळ्यात ऊन सोसवेल, पण तेव्हाही आठची वेळ कोणाच्या सोयीची आहे? मजुरी करणारी, धुणीभांडी करणारी, अंगणवाडीत जाणारी, दुकान उघडणारा, शाळेत शिकवणारा, यांतले कोणीही आठला मोकळे नसते. बाईमाणसाचे तर सांगायलाच नको. नळाला पाणी येण्याचा दिवस असला तर ती तोटी सोडून हलू शकत नाही, आणि नसला तर सहापासून चहा, डबे, भाकरी, मुलांची शाळा. दिवसभरातला जो एकच तास कोणी तिच्याकडे मागत नाही तो पहाटेचा, आणि तुमच्या फलकाने नेमका तोच काढून घेतला.

दुसरी तक्रार शुल्काची. सरकारी दवाखान्यात दाबाची गोळी मोफत मिळते. तीच गोळी घेणाऱ्या बाईला आपल्याच गावच्या मातीवर पायी चालण्यासाठी महिन्याला 300 रुपये मोजावे लागावेत, हे मला कोणत्याही हिशेबाने पटत नाही. मी निवृत्तिवेतन घेते. मला ते परवडेल. परंतु आमच्या नऊ जणींपैकी सहा जणींना परवडत नाही, आणि घरातल्या नवरा-बायको दोघांनाही दाब असेल तर हीच रक्कम वर्षाला 7,200 रुपये होते. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायच्या विषयांत सार्वजनिक आरोग्य आहे, आणि उद्याने, बागा व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधा पुरवणेही आहे. हे दोन्ही विषय तिथे एकाच यादीत का आहेत, हे मला आमच्या मैदानाकडे बघून समजते.

तिसरी मंडपांची. लग्नकार्ये व्हावीत, त्याला कोणाचा विरोध नाही. माझ्या मुलीचे लग्नही मी याच गावात केले. पण मंडप उठल्यावर मैदानाचे जे होते ते एकदा आपण येऊन पाहावे. खांबांसाठी खणलेले हातभर खोल खड्डे तसेच राहतात. कनाती आणि गालिचे ठोकायला वापरलेले वीतभर लांबीचे लोखंडी खिळे मातीत अर्धे बुडालेले असतात आणि पहिल्या पावसानंतर वर येतात. गेल्या वर्षी असा एक खिळा माझ्या चपलेच्या तळातून आरपार आला. नशिबाने तो दोन बोटांच्या मधून गेला. त्याच आठवड्यात मी आणि दोन शेजारणींनी मिळून पूर्वेकडच्या कोपऱ्यातून 47 खिळे वेचले. ते तेलाच्या रिकाम्या डब्यात माझ्या घरी आहेत. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला बधिरपणा आलेला असतो, त्याला खिळा टोचलेला कळतही नाही आणि जखम चिघळते, हे इथे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण दाब आणि साखर हे दोन्ही आजार पुष्कळदा एकाच घरात, एकाच माणसाकडे असतात.

चौथी गोष्ट तक्रारीपेक्षा परिणाम म्हणून नोंदवते. मैदान बंद झाल्यावर आम्ही वळणरस्त्याने फिरू लागलो. अंधार, भटकी कुत्री, आणि समोरून दिवे डोळ्यांवर टाकत येणारे उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. आठव्या की नवव्या दिवशी आमच्यातल्या एकीला मोटारसायकलचा धक्का लागून तिचे मनगट मोडले. त्यानंतर तिने फिरणे सोडले, पाठोपाठ आणखी चौघींना घरच्यांनी जाऊ दिले नाही. बुरखा घालून येणाऱ्या दोघी बहिणी तर रस्त्यावर पहिल्या दिवसापासूनच आल्या नाहीत. मैदानाच्या भिंतीआड त्यांना मोकळे वाटत असे. मी आता गच्चीवर फिरते. माझी गच्ची 22 फूट लांब आहे. दर दहाव्या पावलाला वळावे लागते, गुडघे दुखतात, आणि वेग पकडण्याआधीच कठडा येतो. मैदानावर मी 35 मिनिटांत आठ फेऱ्या, म्हणजे सुमारे तीन किलोमीटर चालत होते.

व्यायामाच्या यंत्रांबद्दल फार लिहीत नाही. मैदानात बसवलेल्या सहा यंत्रांपैकी दोन गंजून घट्ट झाली आहेत, सायकलचे एक पायडल निखळले आहे, आणि कोणते यंत्र कोणी वापरू नये याची एक ओळही तिथे लिहिलेली नाही. त्याशिवाय, गावात नव्या वसाहतींची रेखांकने मंजूर होताना ज्या खुल्या जागा सोडायला लावल्या गेल्या, त्यांतल्या किती आज खुल्या आहेत हेही आपणच सांगू शकाल.

आपली बाजू मी ऐकली आहे. आपले म्हणणे असे की रात्री मैदानात मद्यपी येऊन बसतात, नळाच्या तोट्या चोरीला जातात, आणि पहाटेसाठी वेगळा रखवालदार ठेवायला पैसे नाहीत. पहिल्या दोन अडचणी खऱ्या आहेत; फुटक्या बाटल्या आम्हीही उचलल्या आहेत. पण त्या रात्रीच्या आहेत आणि कुलूप पहाटेला लागले आहे. रात्री नऊनंतर मैदान जरूर बंद ठेवा. पहाटे पाचला फाटक उघडण्याची जबाबदारी आम्ही फिरणारे लोक आळीपाळीने घ्यायला तयार आहोत, आणि तसे लेखी हमीपत्र माझ्या तिसऱ्या अर्जासोबत जोडलेले आहे. त्यावर 31 सह्या आहेत.

काही जण असेही म्हणतात की आपल्या भागातली माणसे शेतात राबणारी, त्यांना व्यायामाची काय गरज. जो खरोखर दिवसभर राबतो त्याला मैदानात येण्याचा आग्रह कोणी करत नाही. पण तालुक्याच्या गावात शिवणयंत्रावर बसणारी, टपरीवर उभा राहणारा, कार्यालयात बसणारा, रिक्षा चालवणारा असा मोठा वर्ग आहे, आणि सुगी संपल्यावर शेतकऱ्याचेही कष्ट बारमाही एकसारखे राहत नाहीत. शिवाय तंबाखू, खारट खाणे, अपुरी झोप आणि कर्जाची चिंता यांमुळे राबणाऱ्या माणसाचाही दाब चढतो. त्यालाही तो मोजायला जवळ जागा हवी.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. मैदान वर्षभर पहाटे 5 ते 9 आणि सायंकाळी 5 ते 9 खुले ठेवावे, आणि चालणे, धावणे व व्यायाम यांसाठी कोणतेही शुल्क घेऊ नये. मंडपांना शक्यतो दुसरी जागा द्यावी. ते होईपर्यंत महिन्यातून किती दिवस मैदान समारंभांना दिले जाईल याची मर्यादा ठरवावी, कडेची चालण्याची पट्टी त्या दिवशीही मोकळी राहील अशी आखणी करावी, आणि खड्डे बुजवून, खिळे काढून जागा पूर्ववत केल्याचे पाहिल्याशिवाय अनामत रक्कम परत करू नये. फाटकाजवळ आणि दूरच्या दोन कोपऱ्यांत दिवे, पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी वापरता येईल असे स्वच्छतागृह, एवढे तरी करावे.

नवी यंत्रे घेऊ नयेत. त्याऐवजी आवारभिंतीचा तीस फुटांचा भाग गुळगुळीत गिलावा करून द्यावा आणि त्यापुढची जमीन सपाट करावी. 2023 साली 270 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की दाब उतरवण्यासाठी स्नायू ताणून एका स्थितीत स्थिर धरण्याचे व्यायाम चालण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक उपयोगी पडतात. त्यांतही भिंतीला पाठ टेकून, अदृश्य खुर्चीत बसल्यासारखे गुडघे वाकवून थांबण्याचा व्यायाम विशेष परिणामकारक ठरला. दोन मिनिटे थांबायचे, दोन मिनिटे विसावा, असे चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. याला लागते ती फक्त भिंत, आणि ती नगरपरिषदेची आधीपासून आहे.

तिथेच एक फलक लावावा, आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहावे : दाब 180/110 किंवा त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये, व्यायाम करताना श्वास रोखून धरू नये, सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटे सावकाश चालावे, काही गोळ्यांमुळे नाडी मुद्दाम मंद राहते, म्हणून तिच्यावरून श्रमाचा अंदाज करू नये, छातीत दाब किंवा कळ, जबडा वा हात जड होणे, गार घाम, अचानक धाप यांपैकी काही झाले तर लगेच थांबून 108 क्रमांकावर दूरध्वनी करावा, पित्त समजून वाट पाहू नये. हे शेवटचे वाक्य त्या फलकावर असावे असा माझा वैयक्तिक आग्रह आहे. फलकाचा खर्च मी देईन.

महिन्यातून दोनदा, पहाटे सहा ते आठ, फाटकाशी एक टेबल, दाब मोजायचे यंत्र आणि एक आरोग्यसेविका एवढी व्यवस्था आरोग्य विभागाकडे पत्र देऊन करून घ्यावी. ज्यांचा दाब कधीच मोजला गेलेला नाही अशी माणसे दवाखान्यात येत नाहीत, मैदानात येतात. आणि मैदानाबाबतचा पुढचा कोणताही ठराव करण्याआधी तिथे रोज येणाऱ्यांचे, त्यांतही स्त्रियांचे, म्हणणे ऐकून घ्यावे.

हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि माझ्या तीन अर्जांना लेखी उत्तर द्यावे, ही विनंती. सभेला बोलावल्यास मी माझ्या तिन्ही वह्या आणि खिळ्यांचा डबा घेऊन येईन. दाब मोजायचे यंत्रही आणीन; ज्या सदस्यांना आपला दाब पाहायचा असेल त्यांनी सभेआधी अर्धा तास चहा-तंबाखू टाळून पाच मिनिटे शांत बसावे, म्हणजे आकडा बरोबर येतो.

तोपर्यंत रोज पहाटे साडेपाचला मी फाटकाशी येत राहीन. आता आम्ही चौघी असतो.

आपली,
प्रभागातील एक नागरिक आणि निवृत्त प्राथमिक शिक्षिका